मारलेला बेदाणा

गेल्या जूनमध्ये, शाळा सुरू होऊन आठवडा पण झाला नसेल, एका दुपारी पोराचा डबा उघडला तर गाजराच्या चकत्या जशाच्या तशा, पाणी सुटून मऊ पडलेल्या, आणि झाकणात एका चकचकीत लाल पाकिटाचा तुकडा कोंबलेला. म्हणजे घरचं तसंच परत आलं आणि कुणाच्या तरी पाकिटातलं वाटून खाल्लं गेलं. मी त्याला ओरडले नाही. ओरडणार कुठल्या तोंडाने, माझ्या नोकरीची पहिली सात वर्षं असलीच पाकिटं करण्यात गेलीत.

मी पॅकेजिंग डिझायनर आहे, पुण्यात चौदा वर्षं हेच काम करते. आता मसाले, चहा, साबण असलं काय काय असतं, पण सुरुवातीला सगळं स्नॅक्सच होतं, चिप्स, पफ, रिंगा, जेलीचे कप. आणि ते पाच रुपयाचं पाकीट कसं काम करतं ते सांगते, कारण बाहेरून बघणाऱ्याला ते लक्षात येत नाही. किराणा दुकानाच्या दारात लड्या लटकतात ना, त्यांचं खालचं टोक बरोबर पहिली-दुसरीतल्या पोराच्या डोळ्यासमोर येतं. लाल-पिवळा रंग चालत्या रिक्षातूनही दिसतो. आत नायट्रोजन भरलेला असतो, तो चिप्स तुटू नयेत आणि तेलाला खवट वास लागू नये म्हणून, पण त्याने पाकीट फुग्यासारखं टम्म होतं आणि पोरांना ते दाबायला, हलवायला, शेवटी फट्कन फोडायला मजा येते. वर एखादं पात्र, डोळे मोठे, नजर सरळ बघणाऱ्याकडे. लहान बोटांना एका झटक्यात फाडता यावं म्हणून खाच कुठे द्यायची यावर आम्ही आख्खी दुपार भांडलोय. आणि माझ्या वयाच्या लोकांना आत मिळणारे टॅझो, त्या चित्रांच्या गोल चकत्या, आठवत असतील, आम्ही चिप्ससाठी नाही, टॅझोसाठी पाकीट घ्यायचो आणि चिप्स कधीकधी मित्रांना देऊन टाकायचो.

आता याच दुकानात फुटाणे कसे मिळतात बघा. पारदर्शक पिशवी, वर स्टेपलरची पिन, आत एक चिठ्ठी टाकलेली जिच्यावरची शाई तेलाने पसरलीय. आणि ती पिशवी कुठे, तर काउंटरच्या मागे, वरच्या फळीवर, गुळाच्या ढेपेशेजारी. पोराला ती दिसतच नाही! मग आपण म्हणतो आजकालच्या मुलांना चांगलं काही आवडत नाही. अहो, त्यांच्यापर्यंत पोचवायला कुणी डोकं चालवलंय का? माझं हेच म्हणणं आहे, जेवढी अक्कल आम्ही त्या लाल पाकिटावर खर्च केली त्यातली चार आणे अक्कल जरी फुटाण्यावर, बोरांवर, राजगिऱ्याच्या वडीवर लावली ना तरी मुलं खातील.

आणि हे नुसतं मला वाटतं म्हणून नाही सांगत. २००७ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या लोकांनी एक प्रयोग केला होता, ३ ते ५ वर्षांची ६३ मुलं, सारखाच पदार्थ एकदा मॅकडोनाल्डच्या कागदात आणि एकदा साध्या कागदात, विचारलं कुठला चांगला लागतो. बहुतेक पदार्थांत जास्त मुलं त्या ओळखीच्या कागदाकडे झुकली. त्यात गाजरंसुद्धा होती, जी मॅकडोनाल्डमध्ये मिळतसुद्धा नव्हती! वाचलं तेव्हा मला दोन गोष्टी वाटल्या, एक म्हणजे भीती, की इतक्या लहान जिभेवर आपण कागदाने राज्य करतोय, आणि दुसरं म्हणजे अरे, कागदाने गाजर गोड लागू शकतं तर मग आपण बसलोय कशाला.

तिकडे गाजरवाल्यांनी ते करून पण बघितलंय. बोल्टहाउस फार्म्स म्हणून मोठी कंपनी आहे, त्यांनी २०१० मध्ये छोटी गाजरं चिप्ससारख्या चुरचुरीत पाकिटात घातली, जाहिरातीत सरळ म्हटलं की जंक फूडसारखी खा, आणि सिनसिनाटी आणि सिरॅक्यूज भागातल्या शाळांत व्हेंडिंग मशीन लावली. त्या छोट्या गाजरांचाच किस्सा भारी आहे बरंका, ती काही वेगळी जात नाही, १९८६च्या सुमारास कॅलिफोर्नियाचे माइक युरोसेक नावाचे शेतकरी वाकड्यातिकड्या, तुटक्या गाजरांचं काय करायचं या काळजीत होते, तर त्यांनी ती कापून घासून एकसारखी बोटाएवढी केली, आणि जे गाजर फेकून द्यायचं ते लोक घरात मुठीने खायला लागले. नुसता आकार बदलला हो, बाकी गाजर तेच.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या विषयात अजून एक अभ्यास फार फिरायचा, सफरचंदावर एल्मोचं, म्हणजे मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातल्या त्या लाल बाहुल्याचं, स्टीकर लावलं की मुलं जास्त सफरचंदं घेतात असा, कॉर्नेल विद्यापीठाचे ब्रायन वान्सिंक यांचा, २०१२चा. मी स्वतः तो क्लायंटसमोर तीनदा तरी दाखवलाय. २०१७ मध्ये तो पेपर मागे घेतला गेला, मुलं ८ ते ११ वर्षांची असं लिहिलं होतं ती ३ ते ५ वर्षांची निघाली, पुढे त्यांचे आणखी बरेच पेपर मागे घ्यावे लागले आणि २०१८ मध्ये त्यांनी विद्यापीठ सोडत असल्याचं जाहीर केलं. मला फार वाईट वाटलं होतं. कारण ती गोष्ट इतकी गोड होती की खरी आहे का हे बघावंसंच वाटलं नाही. तेव्हापासून मी ठरवलंय की आपल्या अंगणात, आपल्या पोरांसमोर ठेवून बघायचं, मगच बोलायचं.

तर आता गटाची गोष्ट. माझ्या नणंदेचं गाव सासवडच्या पुढे, तिथे अकरा जणींचा बचत गट आहे. शेंगदाणे स्वतः भाजतात, फुटाणे भट्टीवरून ताजे आणतात, चिक्की करतात, राजगिऱ्याची वडी करतात, आणि चव अशी की दुकानातलं विसराल. मधल्या सुट्टीत शाळेत काही विकता येईल का म्हणून त्यांनी विचारलं होतं. आता तो नियम पण आहे ना, एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, २०२०चा, जास्त मीठ-साखर-तेलाचे पदार्थ शाळेत आणि गेटपासून पन्नास मीटरच्या आत विकायचे नाहीत, जाहिरातही करायची नाही. नियम चांगलाच आहे पण घरूनच दप्तरात पाकीट आलं तर गेटवर कोण अडवणार, आणि तिकडे काढून घेतलं तर त्या जागी दुसरं काही द्यायला नको का? चिलीने २०१६ पासून असल्या खाद्यपदार्थांवरची कार्टूनच काढायला लावली, सीरियलच्या खोक्यावरचा तो प्रसिद्ध वाघ तिथे गेला. आपल्याकडेही तसं व्हावं असं मला मनापासून वाटतं. पण वाघ काढला म्हणून पोरगं नाचणीकडे वळतं असं नाही होत, त्याला नाचणीच्या बाजूने पण कुणीतरी हाक मारायला हवी.

मी गटासाठी पहिलं जे केलं ते साफ चुकलं. नोकरीतल्या सवयीने एक चणा काढला, त्याला लाल केप, दंडाच्या बेटकुळ्या, वर मोठ्या अक्षरात ‘प्रोटीन पॉवर’ आणि खाली ‘हेल्दी स्नॅक’. चकचकीत पाउच. छपाईला ग्रॅव्हर परवडणार नव्हतंच, प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो आणि मग हजारोंनी छापावं लागतं, म्हणून डिजिटलवर तीस नमुने काढले आणि आमच्या सोसायटीत खाली खेळणाऱ्या पोरांना वाटले. एका मुलीने, दुसरीत असेल, पाकीट हातात घेऊन उलटसुलट केलं आणि मला विचारलं, ‘काकू, हे आजारी मुलांचं आहे का?’

मी म्हटलं नाही गं, का? तर म्हणे, ‘हेल्दी लिहिलंय ना.’

मला रात्रभर झोप नाही आली. कारण ती बरोबर बोलली. आपण मुलांना हेल्दी हा शब्द कधी ऐकवतो? जेव्हा त्यांना नको असलेलं काहीतरी गळ्याखाली घालायचं असतं तेव्हा. मग तो शब्द दिसला की पोरं समजतात, हे चांगलं लागत नसणार, नाहीतर एवढं सांगायची गरज काय होती? नंतर शोधलं तर यावरही अभ्यास सापडला, शिकागो आणि नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांतल्या दोघींचा, २०१४चा. बालवाडीच्या वयाच्या मुलांना गोष्ट सांगितली, कधी गोष्टीतली मुलगी बिस्किटं किंवा गाजरं खाते आणि तिला ताकद येते किंवा मोजायला येतं, कधी ती नुसतीच आवडीने खाते. ताकदीची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी कमी खाल्लं. कमी! आणि आपण सगळे आयुष्यभर हेच सांगत आलोय, खा म्हणजे मोठा होशील, खा म्हणजे डोळे चांगले राहतील.

मग मी आईकडे गेले होते तेव्हा भावाची छोटी जेवत होती, दीड वर्षाची, आणि आई तिला भरवत होती, हा घास चिऊचा, हा घास काऊचा. मी शंभर वेळा ऐकलंय हे, पण त्या दिवशी कान टवकारले, कारण यात कुठेही भात चांगला असतो, वरणात प्रोटीन असतं असं काही नाहीये. घासाला नुसतं एका पाखराचं नाव दिलंय आणि पोरगी तोंड उघडतेय. हेच ते पॅकेजिंग! एक पैशाचं प्लास्टिक नाही. आणि संक्रांतीचं बोरन्हाण घ्या, लहानग्याच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे ओततात आणि बाकीची पोरं खाली तुटून पडतात, अशी वेचून आणलेली बोरं कुणी नको म्हटलंय का कधी? आमच्या शाळेबाहेर एक आजी बसायच्या, चन्यामन्या बोरं, चिंचा, आवळे, पेरूच्या फोडी, आणि कागदाचा कोन करून त्यात चिमूटभर तिखटमीठ वेगळं टाकायच्या. तो कोन हातात धरून चालायचं, वरून एकेक काढायचं, तळाशी सगळं मीठ साठायचं ते शेवटी चाटायचं. त्या कोनाला सुरुवात, मधला भाग, शेवट होता, चिप्सच्या पाकिटाला तो नाही.

या तिन्ही ठिकाणी मुलाला काहीतरी करायला मिळतं. माझ्या चण्यावर केप होती पण पोराने त्याचं करायचं काय?

म्हणून दुसऱ्या वेळी पुडीच करायची ठरवली. जुनं वर्तमानपत्र तर वापरायचं नाही, २०१८च्या नियमानेच बंद आहे आणि बरोबरच आहे, ती शाई पोटात जाते. साधा कोरा, खाऊ ठेवायला चालणारा जाड कागद घेतला. आणि तो उलगडला की चल्लसचा, त्या फासे-सोंगट्यांच्या जुन्या खेळाचा, पट निघाला पाहिजे, पाच बाय पाच घरांचा, चारी बाजूंच्या मधल्या घरांत फुली आणि एक फुली मध्यभागी. काही ठिकाणी याला चल्लस-आठ म्हणतात, काही ठिकाणी अष्टाचम्मा, माझी आजी फरशीवर खडूने आखायची. आता पट छापायचा तर परत शाई आलीच, आणि त्यावर खाऊ ठेवायचा. इथे बरेच दिवस अडकले. शेवटी नारायण पेठेतल्या एका पंचिंगवाल्या काकांनी सुचवलं, खोक्याला घडी पडावी म्हणून आम्ही क्रीझ मारतो ना तशाच रेषा मारू की, शाई लागतच नाही. डाय, म्हणजे तसा साचा, करून घेतली, आणि कागदावर शाईचा एक ठिपका नसताना पंचवीस घरं उमटली. बोट फिरवलं की कळतात. परवाना नंबर, हिरवा ठिपका, घटक, किंमत, तारीख हे सगळं कायद्याने लागतंच, ते बाहेरच्या छोट्या लेबलवर.

आणि मग सोंगट्या. चौघे खेळणार, प्रत्येकाच्या चार, म्हणजे चार वेगवेगळ्या दिसणाऱ्या गोष्टी हव्यात. म्हणून पुडीत फुटाणे, शेंगदाणे, तासगावचे बेदाणे आणि लाल भोपळ्याच्या भाजलेल्या बिया. बघा ना, आहारतज्ज्ञ जे सांगून थकतात की एकच एक नको, मिसळून खा, ते इथे खेळाच्या गरजेनेच आलं, मला वेगळं काही करावंच लागलं नाही. फाशांऐवजी प्रत्येक पुडीत अर्धे घासलेले चार चिंचोके, ते गटातल्या म्हाताऱ्या मावशींनी जात्याच्या दगडावर घासून दिले. नियम आपलेच, चारी पांढरे पडले की चल्लस, चारी काळे पडले की आठ, एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत जायचं नाही. फक्त एक बदल, मारलेली सोंगटी मारणाऱ्याने खायची, आणि ज्याची मेली त्याने पुडीतून नवी काढून परत सुरुवात करायची. (बालवाडीला हे दिलेलं नाही, इतक्या लहान मुलांच्या घशात फुटाणा-शेंगदाणा अडकू शकतो, पहिलीपासून पुढेच, आणि खेळायच्या आधी हात धुवायचे हे शाळेतल्या बाईंनीच लावून दिलं.)

गावातल्या शाळेत तिसरी-चौथीच्या मुलांना पहिल्यांदा पुड्या दिल्या तेव्हा मी मागे भिंतीला टेकून उभी होते, हाताला घाम आलेला. एक किडकिडीत पोरगा होता, त्याने बसल्या बसल्या सांगितलं, मी बेदाणे खात नाही, मला ओकारी येते. बरं म्हटलं, नको खाऊस. त्याच्याकडे बिया होत्या. दोन फेऱ्या झाल्या, त्याला तीन पडले आणि समोरच्या मुलीचा बेदाणा अगदी आतल्या घराच्या तोंडाशी होता तो त्याने मारला. सगळे ओरडले. त्याने तो बेदाणा दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवला, त्या मुलीला तर अगदी नाकासमोर नेऊन दाखवला, आणि टाकला तोंडात. मी बघतच होते. त्याने चावला, गिळला, आणि लगेच चिंचोके उचलले कारण मारल्यावर परत डाव मिळतो. ओकारीबिकारी काही आली नाही. सुट्टी संपेपर्यंत त्याने असे पाच मारले.

मावशी माझ्या शेजारी होत्या, म्हणाल्या, ‘ताई, पोरं भांडून खात्यात की गं, वाटून दिलं असतं तर टाकून दिलं असतं.’

सगळं काही सुरळीत झालं असं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये कागदाच्या पुडीत फुटाणे दोन दिवसांत सादळले, एका शाळेतून सगळा माल परत आला, आणि ते नुकसान गटाला सोसावं लागलं याचं मला अजून वाईट वाटतं, ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. चिप्सवाले प्लास्टिक-फॉइलचे थर आणि नायट्रोजन उगाच नाही वापरत. आता माल घट्ट झाकणाच्या डब्यातून येतो आणि पुड्या त्याच दिवशी सकाळी शाळेत भरतात, दोन जणी सात वाजता येऊन बसतात. कष्ट वाढलेत. किंमत सात रुपये पडते, पाचात बसत नाही, आणि पाचाच्या जगात सात म्हणजे फार असतं. एका शहरातल्या शाळेने तर बघायलाही नकार दिला, मधल्या सुट्टीत जुगारासारखं काही नको म्हणाले.

आणि दोन मुली अशा होत्या ज्यांनी खेळ खेळला आणि शेवटी बिया तशाच परत पुडीत भरल्या, त्यांना नाहीच आवडल्या. चालेल. पाकीट एकदा तोंडापर्यंत नेऊ शकतं, पुढचं त्या पदार्थाने बघायचं. म्हणून मी गटाला सांगते की शेंगदाणा एकही खवट जाऊ द्यायचा नाही, एकदा खवट लागला की पोरगं वर्षभर परत येत नाही, आणि तिथे माझा पट काही कामाचा नाही.

परवा त्या गावच्या बाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, पुड्या आठवड्यातून दोनदाच येतात तर मुलांनी बाकीच्या दिवशी स्वतःच कोऱ्या कागदाला घड्या घालून पट करायला सुरुवात केलीय, चिंचोके प्रत्येकाच्या खिशात असतातच, आणि सोंगट्या घरून आणतात, कुणी मटार, कुणी डाळिंबाचे दाणे, एकाने तर मुळ्याच्या फोडी आणल्या आणि त्या तिखट म्हणून त्याची सोंगटी कुणी मारेचना, तोच जिंकला. ऐकून मी इतकी हसले आणि फोन ठेवल्यावर डोळ्यात पाणी आलं. त्यात माझं लेबल नाही, डाय नाही, काहीच नाही.

माझ्या पोराला मी हे सगळं रात्री सांगितलं. आज सकाळी डबा भरताना तो स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, गाजर चकत्या नको, सोंगट्यांएवढं बारीक दे. मी चार तुकडे केले तर म्हणे चारात काय होतंय आई, मारले गेले तर परत लागतील, वीस दे.

वीस दिले होते. सात परत आले.